अंगठा ठेवला की नेट जातं

फोन येतो, "मॅडम, नेट गेलं." कधी गेलं, जाताना तुम्ही काय करत होतात, यातलं काहीही कुणी सांगत नाही. म्हैस सुटली तर माणूस निदान ती कोणत्या दिशेला गेली ते तरी सांगतो. नेट मात्र नुसतं गेलेलं असतं, आणि मी लगेच यायचं असतं.

मी परभणीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करते. दुकान आहे, पण मी दुकानात कमी आणि स्कूटीवर जास्त असते. शाळा, दवाखाने, बी-बियाण्यांची दुकानं आणि गावोगावची सेवा केंद्रं ही माझी गिऱ्हाइकं. जिंतूरच्या बाजूला चारठाण्यापर्यंत आणि गंगाखेडच्या बाजूला राणीसावरगावापर्यंत माझी हद्द. सुरुवातीला दार उघडणारा माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघायचा, खरा इंजिनीअर मागून येतोय का म्हणून. आता कुणी बघत नाही. केस पांढरे झाल्याचा तेवढा फायदा.

या कामात जादू आहे असं लोकांना वाटतं. काम पाहिलं तर नळदुरुस्तीसारखं आहे. पाणी कुठपर्यंत येतंय आणि कुठून पुढे येत नाही, ते शोधायचं. सुरुवात नेहमी जवळून करायची. कॉम्प्युटरच्या खोक्याच्या, म्हणजे ज्याला सगळे सीपीयू म्हणतात त्याच्या, पाठीमागे नेटची वायर घुसते. ती जिथे घुसते तिथे बाजरीच्या दाण्याएवढा हिरवा दिवा असतो. तो जळत असेल तर वायर जिवंत. विझला असेल तर पुढचं काही बघायचं कारण नाही, दुखणं तिथल्या तिथेच आहे. दिवा ठीक असेल तर मग राउटरचा डबा, मग भिंतीतून बाहेर जाणारी काचेची बारीक तार, मग खांब, मग गाव. लोक मात्र उलटीकडून सुरुवात करतात. आधी कंपनीला शिव्या, मग सरकारला, आणि वायर निघालीय हे सगळ्यात शेवटी कळतं.

चारठाण्याच्या बाजूच्या एका शाळेत रोज मधल्या सुट्टीत नेट जायचं. मुख्याध्यापकांनी मला सांगितलं की मुलं मैदानावर आली की लहरींना अडथळा होतो. मी सुट्टी होईपर्यंत बसून राहिले. घंटा झाली, शिपाई आला, त्याने राउटरची पिन काढून त्या जागी चहाची शेगडी लावली. चहा झाल्यावर पिन जशीच्या तशी परत. मुख्याध्यापक तोच चहा पीत मला लहरींबद्दल सांगत होते.

राणीसावरगावच्या बाजूला तर अख्ख्या वस्तीचं नेट गेलं होतं. शेळ्यांसाठी पाला पाडणाऱ्या एका बाईने आकडीने बाभळीची फांदी ओढली, आणि फांदीबरोबर काचेची तारही खाली आली. मी तिला तार दाखवली. ती म्हणाली, "तुमची वायर माझ्या बाभळीत कामून?" मी खाली मान घालून तार जोडायला घेतली.

अशा गोष्टी सांगायला बऱ्या असतात. सांगायला नको वाटतात त्या वेगळ्या, ज्यांचं कारण मला कधीच सापडलं नाही. यंत्र बंद केलं, चालू केलं, नेट आलं, गिऱ्हाईक खूश. अशा वेळी मी हात झटकून निघते खरी, पण वाटभर चुटपुट लागते. नेट का गेलं होतं हे ना त्याला कळलं ना मला.

आणि एक गोष्ट मी सहसा बोलत नाही, कारण या धंद्यात इतकी वर्षं काढलेल्या बाईने असं बोलणं बरं दिसत नाही. मला या सगळ्याचं अजून नवल वाटतं. आमच्याकडे एक तपासणी असते, पिंग म्हणतात तिला. काळ्या खिडकीत एक शब्द आणि एक पत्ता टाइप करायचा. मग आपला कॉम्प्युटर लांबच्या कुठल्यातरी कॉम्प्युटरला हाक मारतो, आहेस का? तो म्हणतो, आहे. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर. प्रत्येक उत्तराची एक ओळ पडद्यावर उमटते. लांबचा म्हणजे समुद्रापलीकडचासुद्धा. हाक काचेच्या तारेतून उजेड होऊन जाते आणि तसंच उत्तर येतं. माझी पापणी लवायच्या आत हे जाऊन-येऊन होतं. पूर्णेच्या रस्त्याकडेला कापसाच्या रानात खांबावर लोंबकळणारी ती तार पाहिली की मला खरं वाटत नाही. मी तीच तार हाताने जोडलेली आहे, तरीही.

आता ज्या कामासाठी हे लिहायला घेतलं, ते काम.

दिवाळी सरली की हयातीच्या दाखल्यांचा मोसम सुरू होतो. पेन्शन घेणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवायचं असतं. पूर्वी कचेरीत साहेबासमोर जाऊन उभं राहिलं की भागायचं. आता गावातल्या केंद्रात काडेपेटीपेक्षा जरा मोठ्या यंत्रावर अंगठा ठेवला तरी चालतं. यंत्र अंगठ्याच्या रेषा टिपतं, कॉम्प्युटर त्या पाठवतो, तिकडून उत्तर येतं, की हा माणूस तोच आहे आणि हयात आहे.

ताडकळसच्या पुढच्या एका गावातून माधवचा फोन आला. माधव म्हणजे तिथलं सेवा केंद्र चालवणारा, चाळिशीतला शांत माणूस.

"मॅडम, हितं एका म्हातारीनं अंगठा ठेवला की नेट जायलंय."

"एकीनेच?"

"एकीनंच. बाकीच्यांचं बराबर चालायलंय."

"मग म्हातारी बदला."

"बदलता येत न्हाई, मॅडम. काकू हाय माझी."

मी गेले. माधवचं केंद्र त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत आहे. मधोमध आडवं लावलेलं शाळेतलं जुनं टेबल, भिंतीकडे पाठ करून माधव, समोर गिऱ्हाइकाची प्लास्टिकची खुर्ची. टेबलाखाली पाटावर सीपीयू, त्याची पाठ गिऱ्हाइकाकडे. एका भिंतीला बुटकी बाज, आणि तिच्यावर माधवचे वडील रंगनाथबापू. पूर्वी ते मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमालांचे मुकादम होते. आता गुडघे गेले आहेत म्हणून दिवसभर तिथेच बसून केंद्राचा कारभार बघतात. कारभारात त्यांचा वाटा फक्त बोलण्याचा.

टेबलासमोर खाली सतरंजीवर गयाबाई बसल्या होत्या. माधवची ही काकू, म्हणजे बापूंच्या धाकट्या भावाची बायको. नवरा प्राथमिक शाळेत मास्तर होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. डोक्यावरून पदर, काटक शरीर, डोळे तरतरीत. दारात त्यांचा मुलगा प्रल्हाद उभा होता. तो संभाजीनगरला नोकरीला. हातात जीपची किल्ली, आणि ती तो सारखी बोटावर फिरवत होता.

त्याने मला बाहेर घेऊन सगळं सांगितलं. मागच्या वर्षीही इथेच असंच झालं होतं. अंगठा ठेवला, नेट गेलं, मग आलं, सगळ्यांना वाटलं काम झालं. झालं नव्हतं. कागदोपत्री आई हयात राहिली नाही आणि पेन्शन थांबली. ती गावात एकटी राहते, शेळ्या सांभाळते. संभाजीनगरला आली तर कचेरीत स्वतः उभी राहून दाखला मिळेल, आणि मग तिने तिथेच राहावं, असं त्याचं म्हणणं.

"आमचं ठरलंय, मॅडम. आज अंगठा लागला तर ती हितंच राहणार. न्हाई लागला तर माझ्यासंगं चलणार. शेळ्या शेजारणीच्या दावणीला बांधून आलोत. गाठोडं गाडीत ठिवलंय."

"गाठोडं तूच ठिवलंस," आतून गयाबाईंचा आवाज आला. "म्या न्हाई."

मी टेबलाखाली वाकून पाहिलं. हिरवा दिवा जळत होता. नेटचा प्लग दाबून पाहिला, घट्ट होता. काळी खिडकी उघडून पिंग चालू केलं. हाक, उत्तर, हाक, उत्तर. सगळं नीट. मी माधवला म्हटलं, आधी दुसऱ्या कुणाचं तरी काढा. रांगेत एक आजोबा होते, मिश्कील चेहऱ्याचे. ते खुर्चीवर बसले, टेबलावरच्या यंत्रावर अंगठा ठेवला, आणि दाखला झाला. त्यांच्या मागच्याचाही झाला.

मग गयाबाई. माधवने यंत्र त्यांच्या पुढ्यात दिलं, त्यांनी पदराने अंगठा पुसला, नीट ठेवला. पडद्यावर चक्र फिरत राहिलं, आणि मग लाल अक्षरं. संपर्क नाही. माधवने यंत्र परत घेतलं. थोड्या वेळात नेट आपोआप आलं.

मला आधी यंत्राचा संशय आला. अंगठा टिपताना ते कॉम्प्युटरकडून वीज घेतं, जास्त घेत असेल तर बाकीचं लटकतं. ते पुढच्या बाजूच्या खाचेत लावायला गेले तर वायर पुरेना, म्हणून मागच्याच दुसऱ्या खाचेत लावलं. तेच. वीज वाचवण्यासाठी कॉम्प्युटर कधी कधी नेटचा भाग झोपवून टाकतो, तो पर्याय बंद केला. तेच. राउटरकडचं टोक काढून पुन्हा बसवलं. तेच. मोबाईलचं नेट जोडून पाहिलं, तर त्या खोलीत रेंज इतकी बारीक की पान उघडेपर्यंत वेळ संपायची. मधे मी माझा स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. यंत्राने मला लगेच ओळखलं. पुन्हा गयाबाई, पुन्हा लाल अक्षरं.

"गयाबाई, तुमच्यात करंट लय हाय," दाखला घेऊनही घरी न गेलेले ते आजोबा म्हणाले.

"असता तर लाईटबिल कशाला भरलं असतं?" गयाबाई म्हणाल्या.

लोक हसले. मी हसले नाही. कारण आणखी एकदा केलं, आणखी एकदा केलं, आणि दर वेळी तेच होत होतं. बिघाड कधी होतो, कधी होत नाही, तेव्हा माणूस वैतागतो. पण जो बिघाड एकाच माणसाला ओळखतो आणि एकदाही चुकत नाही, त्याच्यापुढे हात थबकतात. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. तरी क्षणभर दंडावर काटा आला, ते खोटं कशाला सांगू.

प्रल्हादने किल्ली मुठीत धरली. "चल माय. मॅडमला उगं बेजार कामून करायलीस?"

"एकडाव अजून," गयाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण आता त्या प्रल्हादकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या.

मी पिंगची काळी खिडकी पडद्यावर सगळ्यात वर आणून ठेवली. इतका वेळ ती दाखल्याच्या पानाखाली झाकलेली होती आणि मी ती नंतर उघडून बघत होते. या वेळी मी फक्त तिच्याकडेच पाहायचं ठरवलं. माधवने यंत्र दिलं. उत्तराच्या ओळी येता येता थांबल्या. उत्तर नाही. उत्तर नाही. मी मान वळवून पाहिलं. गयाबाई अजून पदराने अंगठा पुसत होत्या.

म्हणजे अंगठ्याचा काही संबंधच नव्हता. नेट अंगठ्याच्या आधीच गेलेलं होतं. गिऱ्हाईक खोटं बोलत नाही, पण बिघाडाची वेळ म्हणून ते सांगतं ती त्याचं लक्ष गेलं तेव्हाची वेळ असते. हे मला पक्कं माहीत आहे, नव्या पोरांना मी हेच शिकवते, आणि तरीही दुपारभर मी अंगठ्याच्याच मागे लागले होते.

मी उठले आणि गयाबाईंच्या शेजारी सतरंजीवर जाऊन बसले. त्या जिथून बघत होत्या तिथून मला बघायचं होतं. खाली बसल्यावर टेबलाच्या पायांमधून सीपीयूची पाठ सरळ समोर आली. हिरवा दिवा जळत होता.

"माधव, यंत्र वर घेतलंय ना? आता हळू खाली द्या."

माधवने टेबलावरून यंत्र उचलून माझ्याकडे वाकून दिलं. ते माझ्या गुडघ्यापाशी आलं आणि दिवा विझला.

"वर घ्या."

दिवा लागला.

"खाली द्या."

विझला.

मी हे पुन्हा पुन्हा करायला लावलं. बिघाडाचं कारण पहिल्याच वेळी कळलं होतं, पण बघत राहावंसं वाटत होतं. यंत्राची वायर टेबलावरून सीपीयूच्या मागे जात होती. पसारा नको म्हणून माधवने ती आणि नेटची वायर चिंधीने एकत्र बांधल्या होत्या. यंत्र टेबलावर असेपर्यंत वायर सैल. यंत्र जमिनीपर्यंत आणलं की वायर ताणली जायची, ती बरोबर नेटच्या वायरीला ओढायची. नेटच्या प्लगला एक प्लास्टिकची बारीक जीभ असते, आत अडकून बसायला. प्लगवरची रबरी टोपी मागे सरकवली तेव्हा दिसलं, ती तुटलेली होती. ओढ बसली की प्लग नखाएवढा बाहेर, ओढ सुटली की ताठ वायर त्याला परत आत ढकलायची. मी तपासायला वाकायचे तेव्हा यंत्र टेबलावर असायचं. म्हणून मला दिवा जळताना दिसायचा आणि प्लग घट्ट लागायचा.

"बाकीच्यांना यंत्र खाली देत नाही का?" मी विचारलं.

"बाकीचे खुर्चीवर बसतेत."

"मग या का नाही बसत?"

माधवने नजर नुसती बाजेकडे नेली. बापू आढ्याकडे बघत होते.

मग माझ्या लक्षात आलं. बापू गयाबाईंचे थोरले दीर. थोरल्या दिरासमोर ही बाई खुर्चीवर बसणार नाही. त्यात बाज बुटकी आणि खुर्ची उंच. म्हणजे नुसतं समोर नाही, त्यांच्याहून वर बसणं झालं. गावातली इतकी माणसं या खोलीत येऊन गेली, पण बापूंची भावजय एकच. ती आली की खाली बसणार, ती खाली बसली की पुतण्या मान राखून यंत्र तिच्या हाताशी नेणार, आणि यंत्र नेलं की दिवा विझणार. मागच्या वर्षी तसंच, आजही तसंच. मी पुष्कळ बिघाड पाहिले, पण असा नाही. खोलीतला प्रत्येक माणूस अगदी योग्य वागत होता आणि त्यामुळेच बाई कागदावर मेली होती. असे आणखी किती जण कुठकुठल्या खोल्यांत अर्धवट राहून गेले असतील, असंही मनात आलं. त्यांना कुणी सांगितलं असेल, की तुमचा अंगठाच खराब आहे. आणि ते मान डोलावून घरी गेले असतील.

प्रल्हादला कारण समजलं तसा तो पुढे झाला. "मंग सोपं हाय की. माय, बस वर. दोन मिनिटाचं काम."

"आजवर बसले न्हाई ती आता बसू?"

"अगं, दाखल्यापुरतं."

"दाखल्यापुरतं मी गयाबाई न्हाई का?"

बाजेवर हालचाल झाली. बापू काठी चाचपत होते. "माधव, मला हात दे. म्या बाहीर जाऊन बसतो. बसू द्या तिला."

गयाबाईंनी पदर आणखी पुढे ओढला. "माधव, सांग त्यांला, उठू नका म्हणाव. म्या जित्ती हाय हे सांगाया थोरल्या माणसाला उठवू व्हय?"

"तिला सांग, गुडघे माझे हायेत."

"त्यांला सांग, मला ठावं हाय कसे हायेत ते."

दोघांमध्ये चार हातांचं अंतर होतं. माधव मध्ये उभा राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होता, आणि निरोप पोचवायची गरज नव्हती तरी तोंड उघडून मिटत होता. बापूंचा एक पाय बाजेवरून खाली आला होता. प्रल्हाद आईचा दंड धरायला वाकला.

"कुणी उठू नका," मी म्हटलं. "वायर माझ्याकडे आहे."

माणसं हलवायची काही गरज नव्हती. मी सतरंजीवर बसल्या बसल्या चिंधी सोडली, नेटची वायर ओढून घेतली आणि जुना प्लग कापून टाकला. त्या वायरीच्या पोटात आठ रंगीत तारा असतात, त्या ठरलेल्या क्रमाने लावाव्या लागतात. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा. मी काम करताना क्रम पुटपुटते, ती सवय आहे. गयाबाई वाकून बघत होत्या. "मण्यावाणी ओवायलीस की," त्या म्हणाल्या. तारा सारख्या कापल्या, नव्या प्लगमध्ये सरकवल्या, पकडीने दाबल्या. सीपीयूत बसवताना जिभेचा टक् असा आवाज आला. यंत्रासाठी माझ्या पिशवीत जोडवायर होती, ती लावली. आता यंत्र दारापर्यंतसुद्धा गेलं असतं.

मी ते गयाबाईंच्या पुढ्यात सतरंजीवर ठेवलं आणि टेबलाखाली बघितलं. हिरवा दिवा जळत होता.

त्यांनी अंगठा ठेवला. चक्र फिरलं. लाल अक्षरं आली.

प्रल्हादने श्वास सोडल्याचं ऐकू आलं. मी पडद्याकडे धावले. नेट होतं. या वेळी अक्षरं वेगळी होती. अंगठा जुळला नाही, असं यंत्राचं म्हणणं होतं. मी गयाबाईंचा हात हातात घेऊन उजेडात धरला. शेण, दोर, विळा, सगळ्यांनी मिळून त्या अंगठ्यावरच्या रेषा पुसून नेल्या होत्या. गुळगुळीत.

"ह्या बोटानं काय करता?" मी त्यांच्या अनामिकेला हात लावून विचारलं.

"कुंकू लावते. म्हंजी, लावायची."

ते बोट वापरायची सोय असते. माधवने पडद्यावर बोट बदललं. गयाबाईंनी ते बोट केसांवरून फिरवलं, तेलाचा हात लागावा म्हणून. ही युक्ती गावोगाव सगळ्यांना माहीत आहे, कुणी शिकवली ते कुणालाच माहीत नाही. मग बोट यंत्रावर ठेवलं आणि डोळे मिटून घेतले.

मी मात्र डोळे उघडे ठेवून पिंगच्या ओळींकडे बघत होते. त्या ओळींच्या बाजूबाजूने आता त्या बोटाच्या रेषा चालल्या असणार. मी नुकत्याच ओवलेल्या तारांमधून, राउटरमधून, मग उजेड होऊन काचेत, दारातल्या लिंबावरून, खांबाखांबाने, ताडकळसच्या बाजारावरून, पूर्णेच्या रस्त्याने, परभणी मागे टाकून, मला नावही माहीत नाही अशा एखाद्या शहरात, एखाद्या थंडगार खोलीत. तिथे कोट्यवधी बोटं साठवलेली आहेत. त्यातून या बाईचं हे एक बोट शोधायचं, ताडून बघायचं, आणि तितक्याच लांब परत येऊन सांगायचं. मी हे सगळं मनात म्हणायच्या आत ते होऊन गेलं होतं. गयाबाईंनी बोट उचललंही नव्हतं.

"झालं," माधव म्हणाला.

"काय झालं?"

"दाखला निघाला, काकू. हयात हाय म्हणायलंय."

बाजेवरून आवाज आला, कुणाला उद्देशून ते कळणार नाही असा. "म्या सकाळधरनं बघायलोय, हाय म्हणून. मला इचारायचं."

ते आजोबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. गयाबाई पदराआड हसल्या असाव्यात, खांदे हलत होते. प्रल्हाद हसला नाही. तो जीपकडे गेला आणि गाठोडं काढून आणलं. ते त्याने आईजवळ ठेवलं, ठेवताना त्याची गाठ घट्ट आहे का ते उगाच चाचपून पाहिलं. तोंड उतरलेलं होतं, आणि तरी कुठेतरी सुटल्यासारखंही दिसत होतं. तो आईला न्यायला आला होता, तो काही तिचा वैरी नव्हता.

"आता मीच चार-आठ दिवसांनी येत जाईन," तो म्हणाला.

"ये की. रिकामा येऊ नको, सरकीची पेंड आण."

मी हत्यारं पिशवीत भरली. निघायला हवं होतं, ताडकळसला आणखी एक काम होतं. जोडवायर माझी होती आणि माधवकडे तशी नव्हती, म्हणून मी ती काढायला वाकले नाही. माधवने मात्र सवयीने यंत्र उचलून टेबलावर ठेवलं, लांब वायर गुंडाळली आणि बांधायला चिंधी शोधू लागला.

गयाबाई गाठोडं काखेला मारून उठल्या. शेजारणीने धारा काढायच्या आत त्यांना शेळ्या सोडवून आणायच्या होत्या. दारात थांबून त्यांनी मागे पाहिलं.

"माधव, ती वायर बांधू नको."

"कामून, काकू?"

"पुढच्या साली बी म्या खालीच बसणार हाय."